नाक धरून थोबाडीत

माझ्या मधल्या मुलीला मी ढ ठरवले, ही माझी चूक. ती ढ नाही हे कळल्यावरही मी दोन ओळींचे पत्र लिहिले नाही. याला नुसती चूक म्हणावे की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. चोवीस वर्षे मी चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग सांभाळले. घरातली तीन मुले मात्र मला सांभाळता आली नाहीत. दरवर्षी वर्गाचा अहवाल लिहून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवणे हे माझे काम. घरातल्या शाळेचा अहवाल मात्र राहून गेला होता. तो आता लिहितो.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या सहा-सात वर्षे आधीची ही गोष्ट. मी तेव्हा एका मराठी शाळेत शिकवत होतो आणि माझा थोरला मुलगा त्याच शाळेत दुसरीत नापास झाला. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून निकालाचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर वर चढवू. आपलाच मुलगा आहे."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या 'आपलाच' शब्दाने माझ्या कानशिलांना आग लागली. मी म्हणालो, "नको. मी त्याला घरीच तयार करतो."

बाहेर आलो तर आमच्यातले एक मास्तर डबीतली तपकीर चिमटीत धरून उभे होते. "काय हो, दिव्याखाली अंधार का?" एवढे म्हणून त्यांनी चिमूट नाकात ओढली. मी हसलो. 

थोरल्याला शाळेतून काढले ते त्याच्या भल्यासाठी, असे मी सगळ्यांना सांगत असे. काढले ते माझ्या तोंडासाठी, लोकांनी मला हसू नये म्हणून. आणि एकदा एक खोटे बोलले की त्याच्या सोबतीला दुसरे लागते. मधली मुलगी मुलींच्या शाळेत पहिल्या इयत्तेत उत्तम चालली होती. धाकटीला अजून घालायचे होते. मुलगा घरी बसला आणि मुली पाट्या घेऊन शाळेत निघाल्या, तर गल्ली विचारणार. म्हणून मी मधलीलाही काढले आणि धाकटीला घातलेच नाही. "आमच्याकडे मुले घरीच शिकतात," असे म्हटले की त्याला जरा तत्त्वाचा वास येतो.

बायकोला तो वास आला नाही. ती म्हणाली, "अहो, नापास तो झाला. ह्या दोघींनी काय केलंय?"

"घरच्या शिक्षणासारखं शिक्षण नाही."

"मग लोकांच्या पोरांना कशाला शाळेत घेता? त्यांनाही सांगा, बसा आपापल्या घरी."

 ओसरीच्या भिंतीवर खळ लावून मी वेळापत्रक चिकटवले. सकाळी सहा ते साडेनऊ. आधी पाढे, मग वाचन, मग शुद्धलेखन, शेवटी कविता. तिघा मुलांना एका रांगेत बसवले आणि छडी मांडीवर आडवी ठेवली.

पहिल्या आठवड्यातच माझी दमछाक झाली. वर्गात चाळीस मुले असली की ती एकमेकांत मिसळून जातात. सुपात घेतलेल्या धान्यासारखी सगळी एकदम वर उडतात, एकदम खाली पडतात. घरात तीन असली की तिघेही सुटे सुटे दिसतात, आणि तिघांनाही माझी शिकवण्याची एकुलती एक रीत लागू पडेना.

थोरला दहा वर्षांचा. वस्तू हातात आल्याशिवाय त्याला काही कळत नसे. "चार जणांत बारा शेंगा वाटल्या तर?" असे विचारले की तो उठून सरळ स्वयंपाकघरात शेंगा आणायला निघे. मी ओरडे, "अरे, तोंडी, तोंडी!" तो परत येऊन बसे आणि आपल्या तळहाताकडे बघत राही. तिथे शेंगा असत्या तर त्याने उत्तर दिले असते. पाढे म्हणताना तो नेहमी अर्धा शब्द मागे, भजनात टाळ चुकणाऱ्या माणसासारखा.

मधली साडेआठ वर्षांची. तिला एकदा ऐकले की पुरे. मी प्रश्न संपवायच्या आत ती किंचित पुढे सरके आणि उत्तर तिच्या ओठांवर येऊन उभे राही. त्यात तोरा नव्हता. पाण्याला उतार मिळाला की ते वाहते, तसे ते होते.

धाकटी पाच वर्षांची. तिची बाराखडी पायांत होती. ओसरीवर शहाबादी फरशी होती. तिच्या एका चौकोनावर 'का', पुढच्यावर 'की', अशी ती लंगडी घालत जाई आणि एकही अक्षर चुकत नसे. मांडी घालून बसवली की अक्षरे गेली. "हे काय?" म्हणून 'घ' दाखवला तर ती माझ्या मिशीकडे बघून म्हणे, "अण्णा, तुमचा एक केस पांढरा झालाय." मी तिला खांबाला टेकवून बसवी. दहा मिनिटांत ती तिथेच झोपलेली असे.

हे सगळे आज लिहिताना हसू येते. तेव्हा येत नव्हते. साडेनऊला घाईघाईने चार घास खाऊन शाळेत जाताना माझ्या डोक्यात नुसती गिरणीतल्या यंत्रासारखी घरघर चाललेली असे. एकाला सांगायला जावे तर दुसरी कंटाळते, दुसरीला पुढचे द्यावे तर तिसरी पळते. पळणारीला धरून आणावे तोवर थोरला पाटीच्या चौकटीतून खिळा उपटून तो पुन्हा नीट ठोकत बसलेला असे. रविवारीसुद्धा माझा आवाज बसलेला. वर्गात मला कधी इतका राग आला नव्हता. परक्या मुलाला येत नसले तर ते त्याच्या बापाचे दुर्दैव. माझ्या मुलाला येत नसले की मला हेडमास्तरांचा तो कागद दिसे.

मग मी ती जुनी रीत काढली.

माझ्या लहानपणी पंतोजींच्या शाळेत असे होते, की प्रश्न एकाला विचारायचा. त्याला आला नाही तर दुसऱ्याला. ज्याला येईल त्याने, ज्याला आला नाही त्याचे नाक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचे आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. पंतोजींचा हात दुखत नसे आणि मुलांत चुरस लागे. मी तशा खाल्ल्या होत्या, दिल्याही होत्या, आणि त्यामुळेच मी शिकलो अशी माझी समजूत होती. पण तिथे आम्ही एकमेकांचे कुणी नव्हतो. संध्याकाळी आपापल्या घरी जात होतो. एका ताटात जेवणाऱ्या भावाबहिणींना मी ती रीत लावली.

पहिल्या दिवशी थोरल्याला विचारले, "एकोणीस सत्ते?" तो गप्प. मधलीला विचारले. "एकशे तेहतीस," ती म्हणाली. मी तिला रीत समजावून सांगितली. तिला आधी तो खेळ वाटला. ती हसत उठली. पण तिचा हात त्याच्या नाकापर्यंत नीट पोचेना. तो तिच्यापेक्षा डोकेभर उंच होता. तेव्हा तो आपण होऊन गुडघ्यांत वाकला. तिने बोटांनी गाल पुसल्यासारखे केले.

मी म्हणालो, "हे काय? थोबाडीत म्हणजे थोबाडीत. पुन्हा."

दुसऱ्या वेळी आवाज आला. थोरला माझ्याकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघून मान हलवत होता, काही नाही, लागलं नाही, अशी. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातले पीठ झाडत उभी होती. ती एवढेच म्हणाली, "बहिणीच्या हातनं भावाला मार देऊन काय मिळवणार आहात तुम्ही?" मी तिला म्हणालो, "शिकवण्यातलं तुला काय कळतं?"

हे दोन-अडीच महिने चालले. रोज तीन-चार वेळा.

मधल्या काळात पुण्याहून माझ्या थोरल्या बहिणीचे पत्र आले. तिला मूलबाळ नव्हते. तिने लिहिले होते, "तुझ्या तिघांतले एक माझ्याकडे दे. जूनपासून इथल्या इंग्रजी शाळेत घालू. जे तयार असेल ते पाठव. मुलगी असली तरी आमच्या घरी हरकत नाही." मी ते पत्र जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. कोण तयार आहे ते सांगायची गरज नव्हती. मधली घास हातात धरून ऐकत होती.

"आत्याच्या शाळेत बाक असतात?" तिने विचारले.

"असतात."

"आणि नकाशा? भिंतीएवढा?"

"तोही असतो. पण आधी दिवाळीपर्यंत तिशीच्या आतले पाढे सगळे झाले पाहिजेत."

"ते झालेच आहेत, अण्णा," ती म्हणाली. ते खरे होते.

त्या दिवसापासून तिने एक जुनी पिशवी धुऊन खुंटीला अडकवली. तिच्यात रोज एकेक वस्तू जाई. एक बोरू, शाईच्या पुडीचा रिकामा कागद, आईने दिलेली फणी. जून यायला सात-आठ महिने होते. बायको हसून म्हणे, "पुण्याला फण्या मिळत नाहीत वाटतं?" ती म्हणे, "असू दे की."

दिवाळी झाली आणि ती चुकायला लागली.

पहिल्या चुकीचा प्रश्न मला पक्का आठवतो. सत्तावीस चोक. थोरल्याला आला नाही. मी मधलीकडे वळलो. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या म्हातारीलाही जो आकडा ठाऊक असतो, तो. तिने भावाकडे पाहिले, मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे. मग म्हणाली, "येत नाही."

"काय?"

"येत नाही, अण्णा."

कुणालाच येत नसेल तर दोघांनी अंगठे धरून उभे राहायचे, असा नियम होता. दोघे शेजारी शेजारी वाकले. मला वाटले, बरे नसेल. दुसऱ्या दिवशी एकवीस नव्वे आले नाही. आठवड्याने पंधराचा पाढाही मध्येच थांबला. थोरल्याला एखादे आले, की मग तिला विचारलेले ती चटकन बरोबर सांगे. त्याला आले नाही, की हिलाही नाही. हे असे शब्दांत मांडले की लहान मूलही ओळखेल काय चालले आहे ते. मी ओळखले नाही. तिला एकदाही एकटीला बाजूला घेऊन विचारले नाही. दोन मिनिटांचे काम होते. पण वर्ग म्हणजे वर्ग, आणि माझ्या डोक्यात आधीच एक उत्तर तयार झाले होते.

ते मी दोघांच्या तोंडावर बोलून दाखवले. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!" आणि मधलीला म्हणालो, "ह्या डोक्यानं पुण्याला जायचंय तुला? आत्याच्या दारात माझं नाक कापायला?"

 संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा खुंटी रिकामी होती.

मार्गशीर्षात मी बहिणीला पत्र लिहिले. माझे अक्षर चांगले आहे. वळणदार अक्षरात मी लिहिले, की थोरला अभ्यासातला नाही, धाकटी लहान आहे, आणि मधलीची बुद्धी सुरुवातीला चमकून आता थांबली आहे. "दहा वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ह्या मुलीत पुढे जाण्यासारखे काही नाही." हे वाक्य लिहिल्यावर मला एक प्रकारचे समाधानही वाटले होते. आपल्या मुलीविषयीही आपण किती निःपक्षपाती आहोत, याचे.

मग संक्रांत आली. गड्ड्याच्या जत्रेमुळे शाळा अर्धा दिवस सुटली आणि मी दुपारीच घरी आलो. मुले घरात नव्हती. बायको म्हणाली, "शेजारी असतील, अव्वांकडे."

शेजारी तेलुगू विणकरांचे घर होते. पुढच्याच खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर माग बसवलेला, त्यावर मुलगा बसे आणि त्याची म्हातारी आई बाजूला कांड्या भरे, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळी. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणे. माझी मुले दुपारी तिथे जातात हे मला ठाऊक होते आणि आवडत नव्हते. मी बोलवायला गेलो. माग बंद होता, विणकर जेवायला आत गेला असावा. दाराला गोणपाटाचा पडदा होता. आतून मधलीचा आवाज आला म्हणून मी थांबलो.

"एका काठाला छप्पन्न धागे. दोन्ही काठ. अशी सात लुगडी. सांग."

बराच वेळ नुसता कांड्या सरकवल्याचा आवाज. मग थोरला म्हणाला, "सातशे... चौऱ्याऐंशी."

"बघ! येतं तुला. मग अण्णांसमोर का येत नाही?"

"अण्णा समोर असतात म्हणून."

अव्वा मोठ्याने हसली. मला त्या उत्तराचा राग यायला हवा होता. पण मी अजून त्या सातशे चौऱ्याऐंशीतच अडकलो होतो. मनात गुणाकार करून पाहिला. बरोबर होता.

तेवढ्यात धाकटीचा आवाज आला. ती एका बाजूला आपलीच शाळा भरवून बसली असावी. माझ्यासारखा जाड आवाज काढून ती म्हणत होती, "नऊ नव्वे? दादा, सांग! येत नाही? ताई, तू सांग! येत नाही? शाब्बास!"

"अगं, येत न्हाय म्हटलं तर शाब्बास कसली?" अव्वा म्हणाली.

"अव्वा, तुम्हाला काही कळत नाही. ताईला आलं की दादाला थोबाडीत. ताईला नाही आलं की कुणालाच नाही. नुसते अंगठे धरायचे."

"मग ताईला खरंच येत न्हाय व्हय?"

"येतं की! सगळं येतं. पण अण्णांना सांगायचं नाही."

"गप गं," मधली म्हणाली.

अव्वा म्हणाली, "मास्तरचं घर लई अवघड हाय की रं बाबा."

मी पडद्याला हात न लावता परत आलो. बायकोने विचारले, "नाहीत का तिथं?" मी म्हणालो, "आहेत. खेळू दे."

दुसऱ्या दिवसापासून मी थोबाडीत बंद केली. "पद्धत बदलली आहे," असे सांगितले. का बदलली ते सांगितले नाही. मला वाटले, आता मधली पहिल्यासारखी धडाधड उत्तरे देईल. तिने दिली नाहीत. मी पद्धत पुन्हा बदलणार नाही, असा भरवसा तिला कुठून यावा? ती भावाकडे बघे, त्याचे ओठ हलतात का पाही आणि मग म्हणे, "येत नाही." आता मला खरे ठाऊक होते, आणि तरीही मी तिला तसे म्हणू दिले. तिला खरे बोल म्हणायचे तर आधी मला माझे खरे बोलावे लागले असते.

बहिणीचे उत्तर आले. "वाईट वाटले. पण मुलांचे काय सांगावे, सहा महिन्यांत बदलतात. मी होळीपर्यंत वाट पाहते. तुझे मन बदलले तर दोन ओळी टाक. नाहीतर दिरांची मुलगी ठेवून घेईन."

मी तीनदा बसलो. एकदा "तीर्थरूप ताईस" एवढे लिहून झाले. एकदा निम्मे पत्र झाले आणि त्यात मी मुलीच्या आजारपणाची एक गोष्ट रचली होती. ती वाचून माझी मलाच किळस आली आणि कागद चुलीत घातला. खरे लिहायचे तर "मागच्या पत्रात लिहिले ते चुकीचे होते, मुलगी हुशार आहे, मीच ओळखले नाही" इतकेच होते. पण त्या आधीच्या पत्रात दहा वर्षांचा अनुभव लिहून बसलो होतो ना! बहीण ते पत्र मेहुण्यांना वाचून दाखवणार, मेहुणे दिरांना. सोलापूरच्या मास्तराला स्वतःची मुलगी ओळखता येत नाही. पुन्हा तोच दिवा आणि तोच अंधार. मी स्वतःला म्हणालो, पुढच्या वर्षी पाठवू. होळी आली आणि गेली. पुढच्या वर्षी दिरांची मुलगी बहिणीकडे रुळली होती आणि घरात दुसरीला जागा नव्हती.

जूनमध्ये मी तिघांनाही शाळेत घातले. घरातली शाळा एका वर्षात बुडाली, असे त्याच तपकीरवाल्या मास्तरांना मी स्वतः सांगितले, इतका मी दमलो होतो. धाकटी शाळेत रमली. तिथल्या बाईंना तिच्या लंगडीचे काही वाटले नाही. थोरला रडतखडत चौथी झाला आणि पुढे गिरणीत फिटरच्या हाताखाली लागला. आज तो स्वतः फिटर आहे, आणि बंद पडलेल्या यंत्राला नुसता हात लावून दुखणे सांगतो म्हणतात. मधली चौथीपर्यंत गेली, नेहमी वर्गाच्या मध्यावर. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले. करमाळ्याला दिली. जावई मामलेदार कचेरीत कारकून, सरळ माणूस. कुणी म्हणेल, मग वाईट काय झाले? मीही अनेक वर्षे तेच म्हणत होतो.

गेल्या चैत्रात ती माहेरी आली. आता तिला बावीस संपली आहेत, पदरात चार वर्षांचा मुलगा आहे. रविवार होता. थोरलाही जेवायला आला होता. जेवणे झाल्यावर ओसरीवर बायको आणि ती शेंगा फोडत बसल्या होत्या. ती म्हणाली, "अण्णा, मराठी सातवीच्या फायनलला बाहेरून बसता येतं म्हणतात. घरच्यांची आणि ह्यांचीही ना नाही. पास झाले तर आमच्याकडच्या मुलींच्या शाळेत जागा मिळेल."

मला इतका आनंद झाला की मी लगेच पुस्तकांची यादी सांगायला लागलो. मी शिकवीन, उन्हाळाभर इथेच राहा, असे म्हणालो. ती शेंगा फोडत ऐकत होती. मग म्हणाली, "पण माझं डोकं चालेल का, अण्णा? मध्येच थांबतं ते. लहानपणी तुम्हीच म्हणायचात."

तिने हे टोमणा म्हणून म्हटले नव्हते. खरेच विचारले होते, वैद्याला विचारावे तसे. 

मी म्हणालो, "तुझं डोकं कधी थांबलं नव्हतं. तू मुद्दाम चुकायचीस."

तिचे हात थांबले. तिने भावाकडे पाहिले. थोरला म्हणाला, "माझ्याकडे बघू नको. मी कधी बोललो नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने मला विचारले.

"हो."

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून."

"त्याच वर्षीच्या?"

मी मान हलवली.

ती मग म्हणाली, "मला वाटायचं, अण्णांना कळलंच नाही. कळलं असतं तर त्यांनी मला पाठवलं असतं. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते." टरफले बाजूला सारत ती पुढे म्हणाली, "पहिले काही महिने मुद्दाम चुकत होते. नंतर नंतर खरंच आठवेना. मुद्दाम कुठं संपलं आणि खरं कुठं सुरू झालं, ते मला नाही सांगता येणार. म्हणून विचारलं."

मी बोलायला सुरुवात केली. जुन्या काळच्या शिक्षणपद्धतीविषयी, पंतोजींविषयी, त्या वेळच्या समजुतींविषयी. बायको हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "अहो, वर्गात नाही आहात तुम्ही. काय असेल ते सरळ बोला की."

थोरला हसला. हसता हसताच म्हणाला, "बोला, अण्णा. आज कुणाला मार नाही."

मग मी सगळे सांगितले. गोणपाटाच्या पडद्याबाहेर उभा होतो ते. आत्याला आधी काय लिहिले होते ते, त्या वाक्यासकट. आत्याने होळीपर्यंत वाट पाहिली होती, हे तिघांनाही प्रथमच कळत होते, बायकोलाही. चुलीत घातलेल्या कागदाचेही सांगितले. सांगताना माझा आवाज शाळेतला राहिला नाही. शेवटी मुलीकडे बघून बोलणे मला जमेना, पण जमिनीकडे बघायचे नाही असे ठरवून मी मान वर ठेवली.

मी म्हणालो, "तुझ्यात काही कमी नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मला ते कळलं होतं आणि मी गप्प बसलो, लोक मला हसतील म्हणून. तुझं शिक्षण मी माझ्या लाजेपायी घालवलं." आणि थोरल्याला म्हणालो, "तुलाही मी माझ्या तोंडासाठीच घरी आणलं, आणि बहिणीच्या हातून मारवलं. माझं चुकलं. तुम्हां दोघांचंही मी वाईट केलं. मला क्षमा करा."